पातेल्याचा कान

आमच्या अक्काला दिसत नाही, हे नव्या माणसाला लवकर कळत नाही. ती बोलणाऱ्याच्या दिशेनं तोंड करून बसते आणि पहिल्याच वाक्यात त्याची फिरकी घेते, त्यामुळे तो बिचारा स्वतःला सावरण्यातच गुंततो. मी तिची धाकटी जाऊ, छाया. लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आले तेव्हापासून तिचं ऐकून घेतेय. जग तिला सरुबाई म्हणतं, मी अक्का म्हणते, आणि भांडण झालं की मनातल्या मनात दुसरंच काहीतरी म्हणते.

मळ्यात शेवंतीचे वाफे होते तिथं आता आमची इमारत उभी आहे. तळमजल्यावर अक्का, तिचा मुलगा महेश आणि सून मनीषा. त्यांच्या वर मी. थोरले दीर सावळीराम इमारत व्हायच्या आधीच गेले. त्यांच्या मागे फुलांचा सगळा व्याप अक्कानं एकटीनं ओढला. पहाटे टोपल्या घेऊन फुलबाजारात जायची आणि शिळी फुलं खपवणाऱ्या बायांशी भांडून घरी यायची. तिच्या डोळ्यांत काचबिंदू कधी शिरला ते कुणाला कळलंच नाही, कारण फुलं ती पहिल्यापासून बोटांनीच निवडायची. नजर कडेकडेनं कमी होत गेली, आणि हिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दारातल्या पायरीवरून पडली तेव्हा कुठं डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, आता उरलंय तेवढं टिकलं तरी खूप. तेही टिकलं नाही.

नजर गेली तेव्हा ती रडली नाही. रडली ती गॅस बंद केला तेव्हा. पदराचं टोक जळालं होतं, बोटभरसुद्धा नाही, पण महेश घाबरला. त्यानं सिलेंडर काढून टाकला आणि म्हणाला, "आई, आता स्वयंपाकघरात जायचं नाही."

"मग जाऊ कुठं?" अक्कानं विचारलं.

ती चेष्टा नव्हती. मळा गेला, बाजार सुटला. हक्कानं उभं राहावं अशी तिला तेवढी एकच जागा उरली होती. त्या दिवशी ती जिना चाचपत माझ्याकडे वर आली आणि माझ्या पलंगावर बसून मोठ्यानं रडली.

महेश वाईट मुलगा नाही. शहरात द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर डोकं पिकवून घेतो आणि घरी आल्यावर आईची काळजी करतो. त्यानं तोडगा म्हणून इंडक्शनची शेगडी आणली. जाळ नाही, पदर पेटायचा प्रश्न नाही. पण तिच्यावर सगळी सपाट काच. बटणं आहेत, पण ती डोळ्यांना. बोटाला काहीच लागत नाही. मनीषानं बटणांच्या जागी टिकल्या चिकटवून दिल्या. पोरीनं डोकं चालवलं होतं, पण पाण्याचा थेंब पडला की शेगडी आपोआप बंद व्हायची, ओला हात नुसता घासला गेला की आच भलतीकडेच जायची, आणि वाफेनं सुटलेल्या टिकल्या आम्हाला आमटीत सापडायच्या. अक्का तिला मुकी म्हणायची.

"मुकीला काय सांगावं नि तिचं काय ऐकावं?" असं म्हणून तिनं शेवटी हात टेकले आणि पुढच्या ओसरीत गजरे ओवत बसू लागली. मनीषा कामावरून येऊन घाईघाईनं डाळ-भात लावायची आणि अक्का निमूटपणे जेवायची. अक्का निमूट जेवते, हे मला बघवत नव्हतं.

मग मनीषाचा भाऊ ललित आला. तो अंबडला एका लहानशा कारखान्यात शेगड्यांचंच काम करतो. बहिणीनं त्याला घरचं सगळं सांगितलं होतं. त्यानं एक दांड्याचं पातेलं आणलं, अजून बाजारात न आलेलं, करून बघण्यासाठी केलेलं. दांड्याच्या टोकाला एक गोल बटण होतं, जुन्या रेडिओला असायचं तसं. ते फिरवलं की हाताला खाचा लागायच्या आणि टक टक वाजायचं. पातेलं बिनतारी निरोप धाडायचं आणि शेगडी त्याप्रमाणे आच कमी-जास्त करायची. बुडाला उष्णता मोजणारी चकती होती, त्यामुळे दूध उतू जायच्या आत शेगडी मंद व्हायची. काचेवरच्या बटणांना त्यानं कुलूप घालून टाकलं. आता कारभार सगळा पातेल्याच्या हातात.

अक्कानं पातेलं मांडीवर घेतलं, बुडापासून काठापर्यंत चाचपलं, आणि बोटं दांड्याच्या टोकाशी थांबली.

"याला कान हाय," ती म्हणाली.

"मावशी, ते बटण आहे. उजवीकडे फिरवलं की..."

"मला नको शिकवू. कान पिळायचा, एवढंच ना? पिळायचा पातेल्याचा, नि वळण लागायचं शेगडीला. माझ्या सासूचंबी असंच व्हतं. ओरडायची माझ्यावर, ऐकायचं छायानं."

तेव्हापासून घरात त्या बटणाला कान हाच शब्द. मनीषासुद्धा म्हणायला लागली, आई, कान जरा कमी पिळा, भाजी लागतेय. शेगडी बंद करताना शेवटची खाच जड होती, तिथं ठसठशीत आवाज यायचा. तो आला की अक्का शेगडीला म्हणायची, "गप." दर वेळी म्हणायची. मला वरच्या खिडकीत तो शब्द ऐकू यायचा आणि कळायचं, खाली भाजी झाली.

तिनं आपल्या मनानं एक शोधही लावला होता. पातेलं बाजूला ठेवून कान पिळला तरी शेगडी ऐकते. मग काय, शेगडीवर कढई चढवायची, पातेलं ओट्यावर जवळ ठेवायचं, आणि त्याचा कान पिळून कढईतलं तळण काढायचं. मला मोठ्या ऐटीत करून दाखवलं. ललितला सांगू नको म्हणाली, उगाच काहीतरी खोड काढंल. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता भागीबाई. आमच्या इमारतीचा राखणदार झिपरू, त्याची ही बायको. दोघं वर डोंगरातल्या सुरगाण्याकडची. द्राक्षांच्या छाटणीला दरसाल खाली यायची, एका साली इथंच राहिली. इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांची खोली आहे, आणि अक्काच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच नळ नि भांडी घासायचा दगड. खिडकीतून दोघींच्या गप्पा चालायच्या आणि गप्पांबरोबर भांडी जायची-यायची. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडे रीतच आहे. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकायची, पण रिकामं नाही. भागीबाई त्याहून कडक. ती भांडं राखेनं घासून लख्ख करणार, आणि मनासारखं काही हातात आल्याशिवाय परत करणार नाही, मग आठवडा लागो की पंधरवडा.

तिची मुलगी आशा बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. अक्काला तेवढंच निमित्त पुरलं. एके सकाळी तिनं पातेल्यात हळिवाची खीर केली. ती उतरवून शेगडीवर कढई ठेवली, पातेल्याचा कान पिळून आशाच्या तोंडाला चव म्हणून कुरडया तळल्या. मी तिथंच गूळ चिरत बसले होते. कान शेवटच्या खाचेला गेला, अक्का "गप" म्हणाली, हे मी ऐकलं. निदान मला तसं आठवतं. उरलेलं तेल निवायला कढई तशीच शेगडीवर राहिली, झाकण घालून. खीर दुसऱ्या भांड्यात ओतताना सांडेल म्हणून अक्कानं पातेलंच्या पातेलं खिडकीतून भागीबाईच्या हातात दिलं.

दुपारी मी वर वामकुक्षी घेत होते. खाली अक्का ओसरीत गजरा ओवत होती; महेश-मनीषा कामावर. जळक्या तेलाचा वास आला आणि मी तशीच धावले. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. अक्का माझ्या आधी पोचली होती. वासावर गेली, पदर हाताला गुंडाळला आणि कढई उचलली. तेल हिंदकळून तिच्या डाव्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मागच्या दारानं भागीबाई राखेच्या हातांनी धावत आली आणि तिनंच अक्काला ओढत नळाखाली नेलं. कढई उचलल्यामुळे शेगडी आपोआप बंद झाली होती. आम्ही बघितलं तेव्हा ती काच नुसती गप्प पडलेली, आणि शेजारची प्लॅस्टिकची चाळणी वितळून ओट्याला चिकटलेली.

अक्का नळाखाली हात धरून एकच सांगत होती, "मी बंद केली व्हती. गप म्हणले व्हते मी तिला."

संध्याकाळी महेशनं काढलेला निष्कर्ष सरळ होता. पातेलं घरात नव्हतं. म्हणजे कान पिळायचा प्रश्नच नाही. म्हणजे काचेचं कुलूप कसं तरी उघडलं गेलं आणि आईचा हात पडला, किंवा आईनं सकाळी बंदच केली नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "होतं असं, आई. या वयात विसरायला होतं."

"मी विसरले नाय."

"बरं, नाही विसरलीस. राहू दे आता."

मला त्या "राहू दे"चा असा संताप आला की विचारू नका. मी म्हटलं, मी स्वतः तिला गप म्हणताना ऐकलंय. महेशनं विचारलं, "काकू, नक्की आजच ना? ती तर रोजच म्हणते." रोज ऐकलेल्या शब्दातून एका दिवसाचा शब्द वेगळा कसा काढायचा? मनीषानं शेगडीची वायर काढून गुंडाळून ठेवली. स्वयंपाकाला बाई लावली, नवसाबाई. तिच्या पोळ्या चामट व्हायच्या, पण घर पेटवत नव्हती ना, मग झालं.

हाताची जखम भरत आली. दुसरं काहीतरी मात्र चिघळत गेलं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत. पहिले काही दिवस अक्का भांडली. मग तिचं वाक्य बदललं. "मी बंद केली व्हती"चं "केली असंल ना गं?" झालं. एकदा डोळ्यांत औषध घालून झाल्यावर तिनं मला विचारलं, "आत्ता घातलं का मी?" चहा विचारून झाल्यावर पुन्हा विचारायची, विचारला का म्हणून. दाराची कडी लावून चार पावलं आली की परत जाऊन कडी चाचपायची. जिनं दिसत नसताना आख्खा फुलबाजार फसवला, तिला आपल्या हातानं काय केलं ते पटेनासं झालं.

महेशनं तिला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, मग कागद पुढे करून म्हणाले, घड्याळ काढून काटे दाखवा. त्यांचं लक्ष नव्हतं. मी सांगितल्यावर ते ओशाळले. अक्का म्हणाली, "घड्याळ ऱ्हाऊ द्या, वेणी करून दाखवू का?" सगळे हसले. परत येताना रिक्षात तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "छाये, मी वार बरोबर सांगितला का गं?"

बरोबर सांगितला होता. मी तसं म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

पातेल्याची आठवण कुणालाच नव्हती. ते भागीबाईकडे होतं, कारण झिपरू गावाकडून नागली, म्हणजे नाचणी, घेऊन येईपर्यंत तिला ते रिकामं परत करवत नव्हतं. शेवटी एका सकाळी ती आली. पातेलं आरशासारखं चकचकीत, आणि त्यात नागलीचे पापड काठोकाठ. अक्का ओसरीत बसली होती, मी तिचे केस विंचरत होते. भागीबाईनं पातेलं तिच्या मांडीवर ठेवलं. अक्काची बोटं सवयीनं दांड्यावरून सरकली आणि कानाशी थांबली. ती कान इकडं-तिकडं फिरवत राहिली. नवा असल्यासारखा सुळसुळीत फिरत होता.

"याचा कान लय पिळलेला दिसतोय गं," अक्का म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं चेष्टा केली, म्हणून मी हसले.

भागीबाईही हसली. "खीर जाऊन बसली व्हती त्याच्या फटीत. निघंच ना. मंग फिरवून फिरवून, राख घालून काढली. तो दिवस आठवतो ना, तुमच्या घरात धूर झाला? तवा मी तठं दगडावर हेच तर घासत व्हते. टाकून पळत आले."

मी फणी थांबवली. अक्कानं कान सोडला आणि पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आम्ही दोघी एकच गोष्ट मनाशी जुळवत होतो, मला तिच्या श्वासावरून कळत होतं. कढईचं तळण, बाजूला ठेवलेलं पातेलं, कान पिळला की ऐकणारी शेगडी.

"छाये," ती म्हणाली, "ललितला बोलव."

ललित रविवारी आला. अक्काची कढईच्या तळणाची ऐटीची युक्ती मी त्याला सांगितली तेव्हा त्याचा चेहराच पडला. त्यानं वायर जोडली, शेगडीवर पाणी भरून कढई ठेवली आणि अक्काला शेगडीसमोर स्टुलावर बसवलं. महेश, मनीषा नि मी दारात. ललित पातेलं घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला. नळाच्या दगडाशी भागीबाई उभी होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो तिला म्हणाला, "मावशी, त्या दिवशी घासलं तसं घासून दाखवा."

खिडकीतून राखेची खरखर ऐकू येत होती. मग ओट्यावरची शेगडी पीं करून वाजली आणि घुमायला लागली. तिच्याजवळ कुणीही नव्हतं. थोड्या वेळानं पाण्याला आधण आलं.

अक्का जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "ऐकलंत का?" ती म्हणाली. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

महेश तिच्या पायाशी बसला. "आई, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? मलाच तसं वाटाय लागलं व्हतं."

ललितनं सगळं स्वतःवर घेतलं. तो म्हणाला, शेगडीला एवढंच कळतं की वर काहीतरी भांडं आहे. ते भांडं आणि हुकूम सोडणारं भांडं एकच आहे का, हे ती विचारत नाही. आम्ही धरून चाललो की पातेलं शेगडीवरच असणार, फार तर ओट्यावर. ते खीर घेऊन शेजारी जाईल आणि राखेनं घासलं जाईल, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. महेश त्याला लागेल असं बरंच बोलला. मेहुणा म्हणून आजवर ठेवलेली भीड त्यानं त्या दिवशी ठेवली नाही.

या गडबडीत खिडकीबाहेरची भागीबाई आम्ही विसरलो. ती गजांना धरून उभी होती, हात कोपरापर्यंत राखेचे. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"माज्या हातानं झाला?" तिनं विचारलं. "त्यांचा हात मी भाजला?"

"अगं, तुला काय माहीत," अक्का उठली, खिडकीपाशी गेली, गजांतून हात बाहेर काढला. "तू तर माझं भांडं लख्ख करत व्हतीस."

भागीबाईनं तो हात धरला नाही. राखेचे हात पाठीमागं घेतले आणि ती खोलीकडे गेली. अक्काला ते दिसलं नाही. तिचा हात बराच वेळ गजाबाहेर तसाच होता, शेवटी मी तो आत घेतला.

ललितनं पातेलं आणि शेगडी दोन्ही नेली. सणवार होऊन गेले, मग घेऊन आला. आता शेगडी आधी खात्री करून घेते, त्यानं समजावलं. कान पिळला की ती आच जरा वर, जरा खाली करते, दर वेळी वेगळ्या चालीनं. वर बसलेल्या पातेल्याला ती चाल बुडाला जाणवते आणि पातेलं ती शेगडीला परत कळवतं. बाहेरच्या दगडावरच्या पातेल्याला काही जाणवणारच नाही, तर सांगणार काय? बरोबर उत्तर आलं नाही तर शेगडी तिथंच बंद. आणि शिजवतानाही ती मधूनमधून विचारत राहते.

"म्हंजे पाटावर बसलेल्याला चिमटा काढून बघायचं, हा आपलाच हाय ना," अक्का म्हणाली.

"तसंच, मावशी. पण आता कढईचं तळण नाही हं जमणार. कढईला वेगळा कान बसवावा लागेल."

त्यानं बाहेर जाऊन, खोलीत जाऊन, माझ्याकडे वर येऊन कान पिळून दाखवला. शेगडी ढिम्म. महेशनंही पिळून पाहिला. सगळ्यांचं समाधान झालं. नवसाबाईला दुसरीकडे काम मिळालं होतंच. अक्काला तिचं स्वयंपाकघर परत मिळालं.

पहिल्याच दिवशी तिनं मेथीची पातळ भाजी केली. माझ्या हाती साध्या स्टीलच्या डब्यात भागीबाईकडे पाठवली. पातेलं पाठवायचं नाही एवढं तिला कळत होतं. मी डबा दिला. भागीबाईनं दारातच भाजी आपल्या वाडग्यात ओतून घेतली, डबा नळावर नुसत्या पाण्यानं विसळला आणि त्याच पावली माझ्या हातात ठेवला.

"तुमचं भांडं नको माज्याकडं," ती म्हणाली. "ऱ्हाऊन जायचा."

मी डबा आणला. अक्कानं सवयीनं झाकण काढून आत बोटं फिरवली. मग झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला.

संध्याकाळी तिनं मला जेवायला खालीच थांबवून घेतलं. महेश-मनीषा पानावर बसले होते. आमटीला कढ आला. अक्कानं कान पिळला, शेवटची जड खाच वाजली, सगळ्यांनी ऐकली. मी तिच्या तोंडून येणाऱ्या शब्दाची वाट बघत होते. तो आला नाही.

"मनीषा," तिनं हाक मारली, "बंद झाली का गं?"

मनीषा उठून आली. शेगडीकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. अक्काचा खांदा धरून म्हणाली, "तुम्ही बंद केलीत ना, आई? मग झाली. तुम्ही म्हणाल ते."

भली पोर आहे. पण अक्कानं पातेलं उचलून बाजूला ठेवलं आणि भाजलेला हात काचेवर अलगद धरला.

"गरमच लागतीय," ती म्हणाली.

"आच बंद झाली तरी काच लगेच गार होत नाही, आई," महेश पानावरून म्हणाला. "बंदच आहे ती."

"असंल."

तिनं हात काढला नाही. आमटी निवत चालली होती, महेशनं भाताचा घास हातात तसाच धरला होता. तिला जेवायला ये म्हणावं असं कुणालाच वाटलं नाही. मी उठून तिच्याजवळ गेले आणि माझाही हात तिच्या हाताशेजारी काचेवर धरला. काच खरंच गरम होती. चालू की बंद, ते नुसत्या हातावरून मलाही सांगता आलं नसतं.

आम्ही दोघी जावा तशाच उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं अक्कानं तळवा टेकून पाहिला आणि माझ्याकडे तोंड वळवलं.

"निवली का गं, छाये?"

"निवली, अक्का."

"बघ पुन्हा," ती म्हणाली, आणि मी पुन्हा हात टेकला.